त्सुनामीचें गणित

समुद्राकांठीं राहणाऱ्या मनुष्यास समुद्राचें भय नसतें असें नाहीं. परंतु ज्या भयाची वेळ ठरलेली असते, त्याच्याशीं त्याची ओळख झालेली असते. भरती केव्हां येणार, ओहोटी केव्हां लागणार, पौर्णिमा-अमावास्येचें उधाण कोठवर चढणार, हें कोळ्याच्या घरांतील लहान मूलहि सांगूं शकतें. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची रीतहि याच अनुभवांतून आली आहे. परंतु समुद्राची एक चाल अशी आहे कीं, तिची तिथि कोणत्याहि पंचांगांत सांपडत नाहीं. ती कोठें शंभर वर्षांनीं येते, कोठें पांचशें वर्षांनीं येते. आणि ज्या पिढीवर ती येते, त्या पिढीनें ती बहुधा पूर्वीं पाहिलेली नसते. जपानी लोकांनीं तिला त्सुनामी असें नांव दिलें आहे. ‘त्सु’ म्हणजे बंदर व ‘नामी’ म्हणजे लाट. खोल समुद्रांतील नावाड्यास जी जाणवतहि नाहीं, ती बंदरांत शिरल्यावर गांवेंच्या गांवें धुऊन नेते. म्हणून हें नांव तिला शोभतें.

जी आपत्ति आपल्या अनुभवांतली नाहीं, तिची तयारी कशी करावी? या प्रश्नाचें उत्तर आज गणित देतें, आणि तें गणित संगणक करतो. तें कसें होतें, त्यावर कोठवर विसंबावें, आणि कोठें विसंबूं नये, हें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस या लेखांत सांगणार आहों.

लाट कशी उत्पन्न होते

वाऱ्यानें उठणारी लाट आणि त्सुनामी यांत मोठें अंतर आहे. वाऱ्याची लाट समुद्राच्या पाठीवरची असते; तिच्याखालीं कांहीं अंतरावर पाणी स्वस्थ असतें. त्सुनामींत मात्र तळापासून पृष्ठभागापर्यंतचें सर्व पाणी हलतें. समुद्रतळाखालीं पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांस रेटीत असतात. शेंकडों वर्षें सांचलेला हा ताण एकदम सुटला म्हणजे मोठा भूकंप होतो. तळाचा कांहीं भाग वर उचलला जातो, कांहीं खालीं बसतो, आणि त्यावरील पाण्यालाहि तितकेंच वर-खालीं व्हावें लागतें. हें विस्कटलेलें पाणी पुन्हां समपातळीस येण्यासाठीं चोहोंकडे पसरूं लागतें. हीच त्सुनामी. समुद्रांत दरड कोसळल्यानें किंवा ज्वालामुखीच्या स्फोटानेंहि ती उत्पन्न होऊं शकते.

ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं सकाळीं, भारतीय वेळेप्रमाणें ६ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास, सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस ९.१ महत्तेचा भूकंप झाला. समुद्रतळाखालची भेग उत्तरेकडे अंदमानच्या दिशेनें सुमारें १,३०० किलोमीटर उकलत गेली. हिंदी महासागराभोंवतालच्या देशांत मिळून २ लाख २० हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. भारताच्या मुख्य भूमीवर लाट येऊन पोहोंचण्यास दोन तासांहून अधिक अवधि लागला. तरीहि तमिळनाडूचा नागपट्टणम जिल्हा उद्ध्वस्त झाला, आणि आपल्या देशांतील १०,००० हून अधिक माणसें गेलीं.

विद्यार्थिमित्रहो, दोन तास हा थोडा वेळ नव्हे. तितक्या वेळांत लहानशा मुलासहि हातीं धरून कोसभर सहज नेतां येतें. मग इतकी माणसें कां गेलीं? कारण हिंदी महासागरांत त्या काळीं त्सुनामीची सूचना देणारी व्यवस्थाच नव्हती. लाट येत होती, परंतु ती येत आहे हें किनाऱ्यास सांगणारें कोणी नव्हतें.

वेगाचा नियम

अशी लाट किती वेगानें येते हें काढण्यास अवघड यंत्र लागत नाहीं. वर्गमूळ काढतां येणाऱ्या कोणाहि विद्यार्थ्यास तें साधेल. लाग्रांज नांवाच्या गणितज्ञानें अठराव्या शतकांतच हा नियम मांडून ठेवला आहे. पाण्याची खोली मीटरांत घ्यावी, तिला ९.८ नें गुणावें, आणि गुणाकाराचें वर्गमूळ काढावें. तोच लाटेचा दर सेकंदाचा वेग मीटरांत. येथें ९.८ ही संख्या गुरुत्वाकर्षणाची आहे.

एक उदाहरण करून पाहूं. समुद्र ४,००० मीटर खोल असेल, तर ४,००० गुणिलें ९.८ म्हणजे ३९,२००. त्याचें वर्गमूळ १९८. दर सेकंदास १९८ मीटर म्हणजे ताशीं सुमारें ७१३ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ विमानाचा वेग. तीच लाट १०० मीटर खोलीवर आली कीं, तिचा वेग ताशीं सुमारें ११३ किलोमीटर होतो. आणि १० मीटर खोलीवर तो ताशीं ३६ किलोमीटरांपर्यंत उतरतो. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली ही कीं, किनाऱ्याजवळ लाट मंदावते; आणि दुसरी ही कीं, मंदावलेली लाटहि धांवणाऱ्या मनुष्याहून अधिक वेगवान असते.

मंदावल्यानें लाटेचें काय होतें? जत्रेच्या वाटेवर पुढचीं माणसें अरुंद पुलापाशीं थबकलीं म्हणजे मागून येणारी गर्दी कशी दाटते, हें सर्वांनीं पाहिलें आहे. लाटेचा पुढचा भाग उथळ पाण्यांत रेंगाळतो, मागचा भाग वेगानें येतच असतो, आणि सर्व पाणी दाटून उंच चढतें. जॉर्ज ग्रीन या इंग्रज गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकांत याचाहि नियम दिला. खोली जितक्या पटीनें कमी झाली, त्या पटीचें वर्गमूळ काढून, पुन्हां त्याचें वर्गमूळ काढावें. तितक्या पटीनें उंची वाढते. ४,००० मीटरांवरून १० मीटरांवर येतांना खोली ४०० पट कमी झाली. ४०० चें वर्गमूळ २०, आणि २० चें वर्गमूळ सुमारें साडेचार. म्हणजे खोल समुद्रांत जी लाट एक मीटर उंच होती, ती किनाऱ्यापाशीं साडेचार मीटर होते. खाडी निमुळती असेल तर ती याहूनहि उंच चढते.

समुद्राचा जमाखर्च

मग संगणक कशासाठीं? याचें कारण असें कीं, समुद्राचा तळ घराच्या अंगणासारखा सपाट नसतो. त्यांत डोंगर आहेत, दऱ्या आहेत, बेटें आहेत. डोंगरावरून जातांना लाट मंदावते व वळते. बेटाला वळसा घालून ती त्याच्या मागच्या बाजूसहि पोहोंचते. किनाऱ्यावर आपटून परत फिरते व पुढच्या लाटेस मिळते. हें सर्व एका वर्गमुळांत मावत नाहीं.

म्हणून गणितज्ञांनीं युक्ति अशी काढली कीं, समुद्राच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखीं घरें आखावीं. प्रत्येक घरासाठीं तीन आंकडे लिहावे: तेथील खोली किती, पाण्याची पातळी किती चढली, आणि पाणी कोणत्या दिशेस किती वेगानें चाललें आहे. यानंतर प्रत्येक घराचा जमाखर्च मांडावयाचा. शेजारच्या घरांतून किती पाणी आलें ती जमा, त्यांच्याकडे किती गेलें तो खर्च. जमा अधिक असेल तर पातळी चढली, खर्च अधिक असेल तर उतरली. दुसरा नियम वेगाचा. उंच पातळीच्या घराकडून नीच पातळीच्या घराकडे पाणी ढकललें जातें. पातळींतील फरक जितका मोठा, तितका रेटा मोठा. आणि तळाचें घर्षण त्या रेट्याला आवर घालतें. कांहीं सेकंदांनंतरचा सर्व पट असा भरून झाला कीं, पुन्हां पुढच्या कांहीं सेकंदांचा भरावयास घ्यावयाचा. याप्रमाणें पायरी-पायरीनें लाट पुढें चालविण्याच्या या रीतीस आपण संगणकीय प्रतिरूप म्हणूं.

पायरी किती सेकंदांची घ्यावी यालाहि नियम आहे. कूरंट, फ्रीडरिख्स व लेवी या तिघां गणितज्ञांनीं १९२८ सालीं दाखवून दिलें कीं, एका पायरीच्या वेळांत लाट एका घराच्या पलीकडे उडी मारून जातां कामा नये. गेली तर गणित भ्रमिष्टासारखें भलतेच आंकडे देऊं लागतें. घर एक किलोमीटरचें असेल व समुद्र ४,००० मीटर खोल असेल, तर लाट तें घर सुमारें पांच सेकंदांत ओलांडते. म्हणून पायरी त्याहून लहान, समजा तीन सेकंदांची, घ्यावी लागेल.

आतां या हिशेबाचा विस्तार पाहा. २,००० किलोमीटर लांब व तितकाच रुंद समुद्र घेतला, तर एक किलोमीटरचीं घरें ४० लाख झालीं. तीन तासांचे १०,८०० सेकंद, म्हणजे ३,६०० पायऱ्या. सर्व मिळून १,४४० कोटी जमाखर्च. एक कारकून मिनिटाला एक याप्रमाणें अहोरात्र लिहीत बसला, तर त्यास २७,००० हून अधिक वर्षें लागतील. लुईस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२२ सालीं हवामानाच्या गणितासाठीं ६४,००० माणसें एका भव्य सभागृहांत बसवून हिशेब करविण्याची कल्पना मांडली होती. तितकीं माणसें आपल्या कामास लावलीं, तरी त्यांस अहोरात्र १५६ दिवस लागतील. आणि लाट तर तीन तासांत येते. आजचे शक्तिमान संगणक हेंच काम मिनिटांत उरकतात. येथें संगणकानें नवें ज्ञान निर्माण केलेलें नाहीं. नियम जुनेच आहेत. मिळाला तो वेळ, आणि किनाऱ्यावरच्या मनुष्यास त्याचीच गरज होती.

घरें निम्म्या मापाचीं केलीं तर तीं चौपट होतात, पायऱ्या दुप्पट होतात, आणि काम आठपट वाढतें. यासाठीं खोल समुद्रांत मोठीं घरें, किनाऱ्याजवळ लहान, आणि बंदरांत अगदीं कांहीं मीटरांचीं घरें आखण्याची रीत पडली आहे. जपानांतील तोहोकु विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं तर भूकंपानंतर १० मिनिटांत त्याचें स्वरूप ठरवावें व पुढील १० मिनिटांत १० मीटरांच्या घरांचें गणित पुरें करावें, अशी रीति सिद्ध केली आहे.

गणिताची परीक्षा

कागदावरची लाट खऱ्या लाटेसारखी आहे हें कशावरून समजावें? यासाठीं गणिताची परीक्षा घ्यावी लागते. २००४ च्या त्सुनामीनंतर सुमारें दोन तासांनीं जेसन-१ नांवाचा उपग्रह बंगालच्या उपसागरावरून गेला, व त्यानें खुल्या समुद्रांतील लाटेची उंची मोजली. ती सुमारें ६० सेंटिमीटर भरली. जी लाट किनाऱ्यावर माणसांचे बळी घेत होती, ती भर समुद्रांत गुडघ्याहून थोडीशीच उंच होती! हें माप शास्त्रज्ञांस आपल्या प्रतिरूपांशीं ताडून पाहतां आलें. १९९३ सालीं जपानांतील ओकुशिरी बेटावर एका अरुंद घळईंत पाणी ३० मीटरांहून अधिक चढलें होतें. त्या घळईची लहान प्रतिकृति प्रयोगशाळेच्या टांकींत बांधून तींत लाट सोडण्यांत आली, आणि आतां जगांतील अनेक प्रतिरूपांस ती परीक्षा द्यावी लागते.

परीक्षेंत उतरलेलें गणित इतिहासाच्याहि उपयोगीं पडतें. १७०० सालच्या जानेवारी महिन्यांत जपानच्या किनाऱ्यावर एक त्सुनामी आली. लोकांनीं तिची नोंद केली; पण भूकंप तर कोणास जाणवला नव्हता. जवळजवळ तीनशें वर्षांनीं जपानी शास्त्रज्ञांनीं संगणकावर ती लाट उलगडून पाहिली, तेव्हां ती पॅसिफिक महासागरापलीकडे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें ९ महत्तेच्या भूकंपानें उठली असावी असें दिसून आलें. तेथील किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यानें मेलेल्या जुन्या वृक्षांचे बुंधेहि हीच साक्ष देत होते. ज्या किनाऱ्याला आपल्यावर असें कांहीं संकट येतें हेंच ठाऊक नव्हतें, त्याला जपानी कारकुनांच्या जुन्या वह्यांनीं व संगणकानें मिळून सावध केलें.

आपला किनारा

२००४ च्या अनर्थानंतर भारतानें आपली व्यवस्था उभी केली. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रांत, ज्यास इन्कॉइस म्हणतात, ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी-सूचना केंद्राचें काम चालूं आहे. भूकंप झाल्यावर गणितास बसणें परवडत नाहीं, म्हणून तेथें हजारों संभाव्य भूकंपांचीं प्रतिरूपें आधींच तयार करून ठेवलेलीं आहेत. भूकंपाची जागा व महत्ता कळली कीं, त्यांतील सर्वांत जवळचें प्रतिरूप काढावयाचें व कोणत्या किनाऱ्यावर केव्हां व किती पाणी येईल हें पाहावयाचें. याच वेळीं खोल समुद्राच्या तळाशीं बसविलेलीं दाबमापक यंत्रें व बंदरांतील भरतीमापक यंत्रें खरोखर लाट उठली आहे कीं नाहीं हें कळवितात. ही दुसरी तपासणी फार महत्त्वाची आहे. एप्रिल २०१२ मध्यें सुमात्राजवळ ८.६ महत्तेचा भूकंप झाला. परंतु तळ वर उचलला न जातां मुख्यतः आडवा सरकला, व लहानच लाटा उठल्या. प्रत्येक भूकंपास भिऊन पळावयास लावणारी सूचना फार दिवस कोणी ऐकत नाहीं.

हें सर्व पूर्व किनाऱ्याचें झालें, कोंकणास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. तर त्यानें १९४५ साल आठवावें. ता. २८ नोव्हेंबर रोजीं पहाटे, भारतीय वेळेप्रमाणें साडेतीनच्या सुमारास, आज पाकिस्तानांत असलेल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ ८.१ महत्तेचा भूकंप झाला. त्याच्या लाटा मुंबईसहि आल्या, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर कांहीं माणसें वाहून गेल्याची नोंद आहे. हिंदी महासागरांत भारतास ज्या दोन भूकंपरेषांकडून भय आहे, त्यांतील एक सुमात्रा-अंदमानची व दुसरी हीच मकरानची.

आतां वर सांगितलेला वेगाचा नियम येथें लावून पाहा. मकरान मुंबईपासून सुमारें १,२०० किलोमीटर दूर. लाट सर्व वाट ताशीं ७०० किलोमीटरांच्या वेगानें आली असती, तर दोन तासांच्या आंत पोहोंचती. परंतु मुंबईसमोर समुद्राचा तळ अडीचशें-तीनशें किलोमीटरपर्यंत उथळ आहे. ६० मीटर खोली धरली, तर तेथें लाटेचा वेग ताशीं सुमारें ८७ किलोमीटरच होतो, आणि एवढ्याच टप्प्यास तीन तास लागतात. हा उथळ तळ म्हणजे कोंकणास मिळालेला वेळ होय. मात्र तो वेळ कसा वापरावयाचा हें आधीं ठरलेलें नसेल, तर त्याचा उपयोग नागपट्टणमच्या दोन तासांहून अधिक होणार नाहीं.

नकाशाची मर्यादा

येथपर्यंत आम्हीं संगणकाचें गुणवर्णन केलें. आतां दुसरी बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे.

ता. ११ मार्च २०११ रोजीं दुपारीं २ वाजून ४६ मिनिटांनीं जपानच्या ईशान्य किनाऱ्याबाहेर ९.० महत्तेचा भूकंप झाला. त्सुनामीच्या विद्येंत जपानहून पुढें असा देश नव्हता. तीन मिनिटांत सूचना निघाली. परंतु इतक्या थोड्या वेळांत भूकंपाची महत्ता ७.९ एवढीच धरली गेली होती; म्हणून मियागी प्रांतास ६ मीटर, आणि इवाते व फुकुशिमा प्रांतांस ३ मीटर लाटेची सूचना मिळाली. अठ्ठावीस मिनिटांनंतर ते आंकडे वाढविण्यांत आले. पण तोंवर पुष्कळ ठिकाणीं वीज गेली होती, आणि ‘३ मीटर’ एवढेंच ऐकून कित्येक लोक आपल्या उंच समुद्रभिंतीच्या भरंवशावर घरींच राहिले होते. त्या दिवशीं मृत व बेपत्ता मिळून १८,००० हून अधिक माणसें गेलीं. गणिताचे नियम चुकले नव्हते. गणितास दिलेला पहिला आंकडा लहान होता. पेरलें तेंच उगवतें.

त्या दिवशींच्या दोन शाळांची हकीकत प्रत्येक शिक्षकानें, प्रत्येक पालकानें व प्रत्येक विद्यार्थ्यानें ऐकून ठेवण्यासारखी आहे. इशिनोमाकी शहराच्या हद्दींत ओकावा नांवाची प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारें चार किलोमीटर आंत, नदीच्या कांठीं होती. धोक्याच्या नकाशांत पाणी या शाळेपर्यंत येईल असें दाखविलेलें नव्हतें. भूकंपानंतर मुलें अंगणांत जमविण्यांत आलीं. कोठें जावें याचा निर्णय होईना. शाळेमागेंच टेंकडी होती. सुमारें पन्नास मिनिटांनीं नदीवाटे पाणी आलें. ७४ मुलें व १० शिक्षक गेले. पुढें न्यायालयानें असें ठरविलें कीं, नकाशा कांहींहि सांगो, शाळेनें व नगरानें आधींच नीट योजना करावयास हवी होती. २०१९ सालीं तो निर्णय कायम झाला.

कामाइशी शहरांतील उनोसुमाइ येथील प्राथमिक व माध्यमिक शाळाहि नकाशावरील धोक्याच्या रेषेबाहेरच होत्या. परंतु त्या शहराच्या शाळांत गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक काताडा यांनीं कित्येक वर्षें शिकविलें होतें. लाट कशी येते व लोक केव्हां निघाले असतां किती वांचतात, हें ते मुलांस संगणकावरील प्रतिरूपांतून दाखवीत. आणि त्याबरोबर तीन नियम सांगत. ठरविलेल्या अंदाजावर विसंबूं नका. त्या क्षणीं जें करतां येईल तें पुरतेपणीं करा. सर्वांच्या आधीं तुम्ही निघा. भूकंप थांबतांच माध्यमिक शाळेचीं मुलें धांवत सुटलीं. तीं पाहून प्राथमिक शाळेचीं मुलें इमारतीवरून खालीं उतरलीं, व मोठ्यांनीं लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागीं पोहोंचल्यावर त्यांस बाजूची दरड ढासळतांना दिसली, म्हणून तीं आणखी वर गेलीं, आणि तेथूनहि आणखी वर. जी जागा त्यांनीं सोडली, ती पाण्यानें घेतली. त्या शहरांत १,००० हून अधिक माणसें गेलीं. परंतु सुमारें ३,००० शाळकरी मुलांपैकीं पांच वगळतां सर्व वांचलीं.

दोन्हीं ठिकाणीं नकाशा सारखाच बोलत होता. एके ठिकाणीं त्याची रेषा ही समुद्राची मर्यादा मानली गेली. दुसऱ्या ठिकाणीं ती आपल्या ज्ञानाची मर्यादा मानली गेली. यावरून आम्हीं एवढाच बोध घेतों कीं, संगणक ‘असें झालें तर असें होईल’ एवढेंच सांगतो. ‘असेंच होईल’ हें सांगण्याचा त्यास अधिकार नाहीं.

जपाननें हा धडा घेतला. २०१३ पासून तेथें फार मोठ्या भूकंपानंतरच्या पहिल्या सूचनेंत मीटरांचा आंकडा न देतां ‘प्रचंड’ असा शब्द वापरतात, व समुद्रतळाशीं ५,००० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या तारांनीं जोडलेलीं १५० निरीक्षण-केंद्रें बसविलीं आहेत.

आपण काय करावें

सुमात्राजवळ सिमेउलुए नांवाचें बेट आहे. १९०७ सालीं तेथें त्सुनामीनें पुष्कळ लोक मेले. तेव्हांपासून आज्या नातवंडांस सांगत आल्या: जमीन जोरानें हालली व समुद्र मागें हटला, तर डोंगरावर पळा; ‘स्मोंग’ येत आहे. २००४ सालीं लाट तेथें सर्वांत आधीं पोहोंचणाऱ्या ठिकाणांपैकीं एका ठिकाणीं आली. परंतु सुमारें ७८,००० वस्तीपैकीं अवघीं सात माणसें दगावलीं. तेथें संगणक नव्हता. आजीची गोष्ट होती. त्याच दिवशीं थायलंडच्या फुकेत बेटावर दहा वर्षांच्या एका इंग्रज मुलीनें समुद्राचें पाणी विचित्र रीतीनें फेंसाळतांना पाहिलें, आणि दोनच आठवडे आधीं भूगोलाच्या तासास शिकलेला धडा आठवून आईबापांस सांगितलें. ती पुळण वेळींच रिकामी झाली.

म्हणून किनाऱ्यावर असतां पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. भूकंपाचा धक्का उभें राहणें कठीण व्हावें इतका जोराचा असेल, किंवा फार वेळ टिकेल, तर सूचनेची वाट न पाहतां उंच जागेकडे निघावें. समुद्र एकाएकीं मागें हटला, तर उघड्या पडलेल्या तळावर मासे वेंचावयास जाऊं नये. मात्र प्रत्येक वेळीं समुद्र आधीं मागें हटतोच असें नाहीं. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असेंहि नाहीं. म्हणून अधिकाऱ्यांनीं सांगेपर्यंत खालीं उतरूं नये. आणि मकरानसारखा दूरचा भूकंप आपणांस जाणवेलच असें नसल्यानें, सरकारी सूचना आली तर ती हंसण्यावारी नेऊं नये. ओडिशांतील वेंकटरायपूर व नोलियासाही या दोन गांवांनीं अशीच तयारी करून २०२० सालीं युनेस्कोकडून ‘त्सुनामीस सज्ज’ ही मान्यता मिळविली. सराव केला, वाटा ठरविल्या, पाट्या लावल्या. जें कोळ्यांच्या लहान गांवांस साधलें, तें कोणत्याहि शाळेस साधण्यासारखें आहे.

पालकांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ‘त्सुनामी तेन्देंको’ अशी म्हण आहे. तिचा अर्थ, त्सुनामी आली तर ज्यानें त्यानें आपापलें निघावें. वरवर ऐकतां हें स्वार्थाचें वाटेल. परंतु मूल शाळेंत अडकलें असेल म्हणून आई किनाऱ्याकडे धांवते, आणि आई येईल म्हणून मूल थांबून राहतें. अशा रीतीनें दोघेंहि जातात. ‘माझें मूल निघालेलें आहे’ असा विश्वास आईस, आणि ‘माझी आई निघालेली आहे’ असा विश्वास मुलास असेल, तरच दोघांस आपापलें निघतां येतें. हा विश्वास त्या दिवशीं उत्पन्न होत नाहीं. तो आधीं, एखाद्या संध्याकाळीं, घरांत बसून, कोणत्या उंच जागीं भेटावयाचें हें एकमेकांस सांगून ठेवल्यानें उत्पन्न होतो. संगणकानें आपणांस वेळ मिळवून दिला आहे. हें बोलणें मात्र आपलें आपणच केलें पाहिजे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. समुद्राची खोली २,५०० मीटर असतां त्सुनामीचा ताशीं वेग किती होईल?

२. खोल समुद्रांत ५० सेंटिमीटर उंच असलेली लाट १,६०० मीटर खोलीवरून १०० मीटर खोलीवर आली. ग्रीनच्या नियमानें तिची उंची किती झाली?

३. पटावरील घरें एक किलोमीटरऐवजीं पाव किलोमीटरचीं केलीं, तर संगणकाचें काम किती पट वाढेल?

४. आपल्या घरापासून व आपल्या शाळेपासून सर्वांत जवळची उंच जागा कोणती? तेथें पायीं जावयास किती मिनिटें लागतात, हें वडील मंडळींसह प्रत्यक्ष चालून पाहा व वहींत लिहा.